फूट, मीटर आणि पडद्यावरचा नकाशा : प्रस्तावना

आमच्या सोनाळा गावात कोणी घर बांधायला काढले, की त्या एका घरात किती मापे नांदतात ते पाहावे. घरधन्याच्या शेताचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, पण शेताचा सौदा झाला तो एकराच्या भावाने. गावठाणातली जागा तीस बाय चाळीस फुटांची. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची. लोखंड दुकानाच्या बिलावर १२ एमएमचे आणि गवंड्याच्या तोंडी चार सुताचे. रेती ब्रासने येते, म्हणजे शंभर घनफुटांनी; सिमेंट पन्नास किलोच्या पोत्याने. विहिरीवरच्या पाइपावर ७५ मिमी छापलेले असते आणि दुकानात तो अडीच इंची म्हणून मागितला जातो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचा नियम सांगतो की घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. पायाची आखणी करायला आलेला मिस्त्री मात्र फुटांचा टेप घेऊन उभा असतो आणि त्याला २६९ चौरस फूट म्हटले तरच उमगते. या सगळ्यांच्या मधोमध बसून जो मुलगा किंवा जी मुलगी संगणकावर प्लॅन काढते, त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

संगणकावरचे ड्रॉइंग शिकवणारी पुस्तके बाजारात बरीच आहेत. त्यांत रेघ, वर्तुळ, ट्रिम, ऑफसेट, लेयर यांना पानेच्या पाने मिळतात आणि एककांना अर्धे पान. क्लासमध्येही हेच चालते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, आणि त्याचे कारण या प्रोग्रॅमच्या मुळातच आहे. ऑटोकॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये आपण लांबी म्हणून १० टाइप केले, की तो फक्त दहा हा आकडा साठवतो. ते दहा फूट, दहा मीटर की दहा मिलिमीटर, हे त्या रेघेत कुठेच लिहिलेले नसते. पडद्यावर दहा मीटरची भिंत आणि दहा मिलिमीटरचा खिळा सारखेच दिसू शकतात. एकक ठरवतो तो माणूस. त्याने ते ठरवले नाही, किंवा ठरवून फाइलमध्ये नोंदवले नाही, तर फाइल दुसऱ्याच्या हाती जाताच तो निर्णय हरवतो आणि नुसते आकडे उरतात.

ही सरमिसळ संगणकाने आणलेली नाही. मराठी मुलखात जमीन मोजायची काठी होती. शिवकाळात ती पाच हात पाच मुठींची धरली जाई आणि तिच्यावरून पांड, बिघा, चाहूर अशी मापे चढत जात. इंग्रजी अमलात साखळी आली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई, तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. वऱ्हाडची मोजणी याच पद्धतीने झाली. म्हणून टिपण आणि फाळणी हे जुन्या मोजणीचे कागद हाती आले, की त्यांतले आकडे आधी साखळी-आण्यांतून फुटांत आणि मग मीटरमध्ये आणावे लागतात. एका आण्याचे दोन फूट पाऊण इंच होतात हे ज्याला माहीत नाही, त्याने जुन्या बांधाचे ड्रॉइंग हाती घेऊ नये.

देशाची मोठी त्रिकोणमितीय मोजणीही फुटांतच झाली. १८०२ मध्ये मद्रासहून ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन काम करत करत विदर्भात पोचला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. त्या मोजणीचा फूट आजच्या फुटाशी केसभराने जुळत नाही, आणि ही गोष्ट निव्वळ इतिहासाची नाही. आजचा फूट १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नेमका ०.३०४८ मीटर आहे. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या कामात तो ०.३०४७९९५ च्या आसपास धरला जाई. अमेरिकेचा सर्वेक्षण फूट आणखी वेगळा. २०२२ च्या अखेरीस तो तिथे अधिकृतपणे निवृत्त झाला, पण ऑटोकॅडच्या एककांच्या यादीत अजून आहे. खोलीच्या मापात हा फरक कोणालाच दिसणार नाही. पण सोनाळा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २३ लाख मीटरवर आहे. उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या रोव्हरने घेतलेला या गावचा अक्षनिर्देशक कोणी अमेरिकी सर्वेक्षण फुटांत बदलला आणि दुसऱ्याने तो साध्या फुटांचा समजून परत मीटरमध्ये आणला, तर अख्खे शेत साडेचार मीटरहून जास्त सरकते. ज्या भागात हातभर बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात, तिथे साडेचार मीटर म्हणजे काय ते सांगायला नको.

मेट्रिक पद्धत भारतात कायद्याने आली ती १९५६ च्या वजन-मापे कायद्याने. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने, आणि १९६० च्या दशकात व्यवहारात सर्वत्र सक्ती. इतक्या मोठ्या देशाने इतक्या कमी वर्षांत शेर-मण सोडून किलो उचलला, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे पुरेसे कौतुक आपल्याकडे झालेले नाही. वजनात बदल पूर्ण झाला, कापडात गजाचा मीटर झाला. बांधकामात आणि जमिनीत तो अर्धवट राहिला. त्याचे एक कारण सरळ आहे. किलो खाऊन संपतो, कापड फाटते, पण नऊ इंची भिंत शंभर वर्षे उभी राहते, आणि तिला जोडून बांधायची नवी भिंतही मग नऊ इंचीच लागते. भारतीय मानक संस्थेने १९० × ९० × ९० मिमीची मॉड्युलर वीट सुचवली; आपल्या भट्ट्या जुन्या साच्यांतूनच विटा पाडत राहिल्या.

याच गावाच्या वाट्याला येणारे एक उदाहरण रेल्वेचे आहे. अकोला-खंडवा मार्ग मीटरगेज होता. मीटरगेज हे माप भारतात आले १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, देश लवकरच मेट्रिक होईल या अपेक्षेने. देश मेट्रिक व्हायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली, पण रूळ मात्र एक मीटर रुंदीने पडले. आता या मार्गाचे रुंदीकरण होत आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प टाळण्यासाठी नवा मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळसा घेऊन आखला आहे. म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या मेट्रिक मापाच्या जागी, मेट्रिक झालेल्या स्वतंत्र देशात, पाच फूट सहा इंचांचे ब्रॉडगेज येणार. ड्रॉइंगवर ते १६७६ मिमी लिहिले जाईल. मेट्रिक म्हणजे नवे आणि फूट म्हणजे जुने अशी सोपी वाटणी इतिहासाला मान्य नाही, आणि ड्रॉइंग काढणाऱ्यानेही ती मनात धरू नये.

कागदावर हाताने ड्रॉइंग काढायचे तेव्हा एककाचा गोंधळ कमी होता, कारण पट्टीच वेगळी असे. एक इंचाला आठ फुटांची पट्टी हातात घेतली, की माणूस फुटांत विचार करी. १:१०० ची पट्टी घेतली की मीटरमध्ये. ट्रेसिंग, मिनीड्राफ्टर आणि अमोनिया प्रिंटच्या त्या काळात प्रमाण आधी ठरे आणि रेघ मागून येई. संगणकाने हा क्रम उलटा केला. पडद्यावर रेघ काढू देणारे इव्हान सदरलंडचे स्केचपॅड १९६३ चे, आणि ऑटोकॅड १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. पडद्यावर वस्तू पूर्ण आकाराची काढायची आणि प्रमाण छापताना ठरवायचे, ही सोय मोठी होती. पण पट्टी हातातून गेली आणि तिच्यासोबत एककाची रोजची आठवणही गेली. शिवाय प्रोग्रॅम अमेरिकेत घडल्याने त्याच्या घरची सवय इंचाची. 'एकॅड' नावाचे टेम्प्लेट उघडले तर आपण इंचांच्या घरात शिरतो, 'एकॅडआयएसओ' उघडले तर मिलिमीटरच्या. रेघांचे तुटकपण आणि हॅचची दाटी या निवडीवर अवलंबून असते. हॅच टाकला आणि भिंत काळी ठिक्कर झाली, किंवा तुटक रेघ सलग दिसू लागली, तर बहुतेक वेळा मागे २५.४ हाच आकडा असतो.

आज या कामात ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला मिलिमीटरवाल्यांचा. यंत्राचे भाग, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, कारखान्याची कामे यांत सगळे आकडे मिमीमध्ये आणि आकड्यापुढे एकक लिहायचे नाही, अशी भारतीय मानकांना धरून पडलेली रीत आहे. दुसरा मीटरवाल्यांचा. भूमापन, रस्ते, ले-आउट आणि परवानगीचे नकाशे मीटरमध्ये चालतात. तिसरा फूट-इंचवाल्यांचा, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत प्रत्यक्ष बांधकामाचे बहुतेक प्लॅन त्याचेच असतात. तिन्ही पंथ आपापल्या जागी नीट आहेत. अडचण येते ती सीमेवर, म्हणजे एका पंथाची फाइल दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरते तिथे.

प्रोग्रॅमांचेही दोन स्वभाव आहेत. ऑटोकॅड आणि त्याच्या घराण्यातले, लिब्रेकॅडसारखे मोफत प्रोग्रॅमही, आकडा साठवतात आणि एकक शेजारी चिठ्ठीसारखे ठेवतात. रेव्हिट, फ्रीकॅड, स्केचअप यांचे तसे नाही. त्यांच्या पोटात एकक पक्के असते. रेव्हिट आतून सारे फुटांत ठेवतो, फ्रीकॅड मिलिमीटरमध्ये, स्केचअप इंचांत; वर दिसते ते आपल्या पसंतीचे रूपांतर. दुसऱ्या स्वभावाचे प्रोग्रॅम नवशिक्याला जास्त सांभाळून घेतात. पण त्यांच्यातून बाहेर पडणारी फाइल पुन्हा आकड्यांचीच असते. थ्रीडी प्रिंटसाठी वापरली जाणारी एसटीएल फाइल तर एककाचे नावही सोबत नेत नाही.

एक प्रसंग जवळून पाहू, कारण सगळ्या पुस्तकाचा गाभा त्यात आहे. तीस बाय चाळीसच्या जागेचा प्लॅन फूट-इंचांत काढला आहे. आर्किटेक्चरल प्रकारात ऑटोकॅड एका एककाला एक इंच धरतो, म्हणजे चाळीस फुटांची बाजू आत ४८० अशी साठलेली आहे. खामगावच्या किंवा अकोल्याच्या अभियंत्याकडून कॉलमचा ब्लॉक येतो, २३० बाय ४५०, मिलिमीटरमध्ये. दोन्ही फाइलींत एकक नोंदलेले असेल तर प्रोग्रॅम स्वतः २५.४ ने भागून ब्लॉक योग्य आकाराचा बसवतो. एका फाइलमध्ये 'युनिटलेस' असेल तर तो आधी ठरवून ठेवलेल्या अंदाजावर चालतो, आणि तो अंदाज चुकला तर कॉलम १९ फूट २ इंच बाय साडेसदतीस फुटांचा होऊन घराबाहेर पडतो. ही चूक दिसते, हसू येते, दुरुस्त होते. इथे नवशिका एक गोष्ट हमखास करतो: युनिट्सच्या खिडकीत जाऊन इंचाचे मिलिमीटर करतो आणि काम झाले असे समजतो. ती खिडकी आधी काढलेल्या रेघांना हात लावत नाही. नुसती चिठ्ठी बदलते. रेघा बदलायच्या तर स्केल आज्ञेने २५.४ ने गुणावे लागते, किंवा माहीत असलेल्या एका भिंतीचा रेफरन्स देऊन खरी लांबी सांगावी लागते. त्यातही ०.०३९३७ ने गुणण्यापेक्षा २५.४ ने भागणे बरे, कारण पहिला आकडा छाटलेला आहे आणि दुसरा नेमका.

खरी भीती न दिसणाऱ्या चुकांची. फूट म्हणजे तीस सेंटिमीटर ही सवय आपल्याकडे शाळेच्या पट्टीपासून लागते. तिने चाळीस फुटांची भिंत बारा मीटर होते, खरी असते १२.१९२. फरक १९२ मिमी, म्हणजे साडेसात इंच. पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही, प्लॅन सुबक असतो, आणि लाइन-आउटच्या दिवशी जिना बसत नाही. जागेचे क्षेत्र पाहा. १२०० चौरस फूट म्हणजे १११.४८ चौरस मीटर. नऊ बाय बारा मीटर लिहिले तर १०८ होतात, आणि घरधन्याची साडेसदतीस चौरस फूट जागा कागदावरून नाहीशी होते. छापण्यातही हेच घडते. एक इंचाला आठ फूट म्हणजे १:९६. तो कागद कोणी १:१०० च्या पट्टीने मोजला की बारा फुटांची खोली साडेबारा फूट भरते. म्हणूनच प्लॅनवर मोजू नये, लिहिलेले माप वाचावे, हा जुन्या ड्राफ्ट्समनांचा दंडक आजही लागू आहे. आणि रेघ न बदलता मापाचा आकडा हाताने खोटा टाकायची जी सवय काही कार्यालयांत दिसते, तिला माझा ठाम विरोध आहे. त्या फाइलवर पुढे कोणीही विश्वास ठेवू शकत नाही.

हा विषय आत्ताच का, याची कारणे गावातच आहेत. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये जाहीर झाली. पत्रिकेवर चौरस मीटर येतात. लोकांच्या तोंडी आणि जुन्या कागदांवर चौरस फूट आहेत. दोन्हींचा मेळ घालून द्या म्हणून माणसे गावातल्या ड्रॉइंगवाल्याकडेच येतात. मोजणीची क प्रत घेऊन शेतकरी येतो आणि चाळीस आर म्हणजे एकर ना, असे विचारतो. त्याला ४०.४७ सांगणे, आणि राहिलेला अर्धा आर कुठे गेला असे त्याने विचारले तर तो समजावून देणे, हे आता या कामाचा भाग आहे. बांधकाम परवानगीसाठी राज्याची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि ती मीटरमध्ये बोलते. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली ड्रॉइंगची फाइल स्वतः वाचून सामासिक अंतरे तपासतात. माणूस तपासणार असेल तर तो इंच-मीटरची गफलत ओळखून विचारील तरी. यंत्रणा आकडा वाचते आणि फाइल परत पाठवते. महारेरा आल्यापासून फ्लॅटच्या करारात चटईक्षेत्राचा आकडाही तितकाच तोलून लिहावा लागतो.

दुसरी बाजू नोकरीची. आयटीआयमधून आरेखक होऊन किंवा शेगाव-अकोल्यातून अभियांत्रिकी करून पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी अनेकांच्या वाट्याला अमेरिकी इमारतींची, लोखंडी सांगाड्यांची ड्रॉइंगे येतात. तिथे आजही फूट, इंच आणि इंचाचे सोळावे भाग चालतात. गवंड्याचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्याने लहानपणी ओसरीवर ऐकले, त्याला ३/८ म्हणजे तीन सूत हे वेगळे शिकावे लागत नाही. बांधकामावरचे हे ज्ञान आपली मुले शहरात गेल्यावर गावंढळ म्हणून लपवतात. ते लपवू नये. ते या धंद्यातले भांडवल आहे.

हे पुस्तक कोणत्या एका पद्धतीचा प्रचार करायला लिहिलेले नाही. पण एक भूमिका त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. एका फाइलला एकच पायाचे एकक असावे. घर आणि यंत्र असेल तर मिलिमीटर, जमीन आणि रस्ता असेल तर मीटर, आणि परदेशी काम असेल तर त्यांचे इंच. दुसरे माप हवे तिथे जोडमाप म्हणून शेजारी दाखवावे. ऑटोकॅडमध्ये त्याची सोय आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात. मिस्त्रीच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर फूट-इंच ठळक असावेत, कारण ती प्रत उन्हात, सिमेंटच्या हातांनी वाचली जाते. रूपांतर एकदाच करावे, पायाच्या मापावरून करावे, आणि पूर्णांक शेवटी करावा. नऊ इंचाचे २२८.६, त्याचे २३०, मग पुन्हा इंच केले की नऊ इंच आणि एक सोळांश, असा फेरा घातला की बेरजा कधीच जुळत नाहीत.

पुस्तकात आज्ञांची पूर्ण यादी नाही. ती प्रोग्रॅमच्या मदत पानांत असते आणि दर वर्षी बदलते. इथे भर आहे तो कामांवर: घरकुलाचा प्लॅन, जुन्या टिपणावरून शेताचा नकाशा, फुटांतल्या जुन्या प्लॅनचे मीटरमध्ये नूतनीकरण, बाहेरून आलेली अनोळखी फाइल तपासणे. प्रत्येक कामात हिशेब कागदावर करून दाखवला आहे, कारण संगणकाने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ओळखायला आधी मनात अंदाज लागतो. भाषा मराठी ठेवली आहे. जे शब्द साइटवर आणि कार्यालयात रोज ऐकू येतात, इंग्रजी असोत की वऱ्हाडी, ते तसेच घेतले आहेत.

वाचकाला एक विनंती आहे. पुढचे पान उलटण्याआधी आपण शेवटची काढलेली फाइल उघडावी, युनिट्स ही आज्ञा द्यावी आणि तिथे कोणते एकक नोंदलेले आहे ते पाहावे. मग ज्या दाराची खरी रुंदी आपल्याला पक्की माहीत आहे, असे एक दार त्या ड्रॉइंगमध्ये मोजावे. दोन्ही जुळले तर पहिल्या प्रकरणाकडे जावे. न जुळले तर ती फाइल ज्यांच्या-ज्यांच्याकडे पाठवली आहे, त्यांना आजच कळवावे.

सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा